चण्यांना गोडं, नवऱ्याला खारं

नारझुल्लाच्या हातचा पुलाव खाल्ल्याशिवाय बुखाऱ्यात लग्न लागल्यासारखं वाटत नाही, असं निदान नारझुल्ला तरी म्हणायचा. पुलावाच्या पाण्याबाबत तो फार काटेकोर. नळाचं पाणी त्याच्या कढईला कधी शिवलं नाही. शहराबाहेरून गोड्या पाण्याची पिंपं यायची. तो घोटभर तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचा आणि मग मान हलवायचा. नाही हलवली, तर पिंप परत.

पण हल्ली हा माणूस भर उन्हाळ्यात, धगधगत्या कढईसमोर, मनगटापर्यंत बाह्यांची बटणं लावून उभा राहायला लागला होता.

कारण सोरायसिस. तरुणपणापासूनच तो कोपरांवर मुक्कामाला होता, पण गुमान असायचा. अंगणाचं जुनं घर सोडून सगळे चौथ्या मजल्यावर राहायला आले आणि त्याला पाय फुटले. आता तो मनगटापर्यंत उतरला होता. लाल चट्टे, वर पांढरे पापुद्रे. नारझुल्लाला वाटे, मळ आहे. रोज सकाळी नव्या शॉवरखाली कडकडीत पाण्यात अर्धा तास उभा राहायचा आणि कपडे धुवायच्या साबणानं, खरखरीत हातमोज्यानं घासघास घासायचा. बाहेर यायचा तो सोललेल्या गाजरासारखा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "हा कुणाला लागत नाही आणि मुळापासून जातही नाही. पण घासू नका, फार गरम पाणी नको. तुमच्याकडे पाणी कसं आहे?"

"भरपूर येतं!" नारझुल्ला अभिमानानं म्हणाला होता.

आता मुलीचं, मेहरीचं लग्न तोंडावर आलं होतं. पहाटेच्या पुलावाला मुलीच्या बापानं व्याह्याला पहिला घास स्वतःच्या हातानं भरवायचा असतो. सगळी पंगत बघत असते. नारझुल्लाची झोपच उडाली.

"धाकटा भाऊ भरवेल," तो बायकोला म्हणाला. "माझा खांदा दुखतोय."

"खांदा दुखतोय म्हणे!" सनोबर फणकारली. "व्याही विचारतील, बाप जिवंत असताना काका का भरवतोय? मुलीच्या बापाला आम्ही चालत नाही का? त्यांना काय तुमचा खांदा दाखवू?"

दोन दिवसांनी नमुन्याचा पुलाव करायचा ठरला. चणे सनोबरनं भिजवले. दुपारी नारझुल्लानं एक दाताखाली धरला आणि गाल धरून ओरडला.

"कुठल्या पाण्यात भिजवलेस?"

"नळाच्या. पिंप संपलं होतं."

"नळाच्या? अगं, त्या पाण्यात क्षार किती! चण्याच्या सालीला धरून बसतात, साल ताठ होते. वर ते औषध टाकलेलं. असल्या पाण्यात जन्मभर शिजव, चणा मऊ व्हायचा नाही!"

सनोबर चण्याकडे बघत होती. मग तिनं त्याच्या मनगटाकडे बघितलं.

"अहो, आणि तुम्ही रोज सकाळी कशात भिजता?"

नारझुल्लानं मनगट पाठीमागे लपवलं.

"चण्यांना गोडं पाणी आणि नवऱ्याला खारं!" ती म्हणाली. "चणे तरी लग्नात चावले जाणारेत. तुम्हाला कोण खातंय, म्हणून स्वस्तातलं!"

दुसऱ्या दिवसापासून चकचकीत शॉवरच्या खाली एक बुटकं स्टूल, एक बादली आणि एक तांब्या आला. गोडं पाणी, तेही कोमट. हातमोजा कचऱ्यात. अंग ओलसर आहे तोवर डॉक्टरीणबाईंचं मलम. पिंपवाला विचारायचा, "उस्ताद, आज कुणाचं लग्न?" सनोबर आतून सांगायची, "आज ह्यांनाच भिजत घातलंय!"

चट्टे गेले नाहीत. पण खाज निवली, पापुद्रे धरेनासे झाले आणि लाल रंगाचा गुलाबी झाला. लोकांपुढे हात काढावा एवढा मात्र नारझुल्लाचा धीर अजून झाला नव्हता.

लग्नाच्या पहाटे पुलावाची परात व्याह्यांसमोर आली. नारझुल्ला गुडघ्यावर बसला. बाही तशीच ठेवली तर तुपट भातात बुडणार. त्यानं ती वर सारली. पंगतीतल्या माना वळल्या.

व्याही हिकमत वाकले. "हे काय, उस्ताद? कढईची वाफ लागली?"

वाफच, म्हणावं का? शब्द जिभेवर आला होता.

"नाही. सोरायसिस आहे," नारझुल्ला म्हणाला. "जुना आहे. कुणाला लागत नाही. तरी तुम्हाला नको वाटत असेल तर धाकटा..."

"धाकट्यानं केलाय का पुलाव?"

"नाही, मीच."

"मग काय भाषण करताय! गार होतोय." आणि हिकमतनी आ वासला.

नारझुल्लानं घास वळला. सुटकेच्या भरात तो एवढा मोठा झाला, की व्याह्यांचे दोन्ही गाल फुगले आणि डोळ्यांत पाणी आलं. बोलता येईना, म्हणून त्यांनी शेजारच्या थोरल्या भावाला खुणेनं पुढे ओढलं. म्हाताऱ्याच्या तोंडात दात औषधालाही नव्हता. तो सरसावून बसला.

"मला मटणाचा मऊसा तुकडा बघ रे बाबा," तो म्हणाला आणि त्यानं तोंड उघडलं.

नारझुल्ला परातीत बोटं घालून शोधायला लागला.