साडीचं दुसरं टोक

नणंदेने दुकानातल्या जवळजवळ सगळ्या साड्या उघडायला लावल्या आणि "जरा फिरून येते" म्हणून ती उठली. आम्ही दाराशी चपला घालत होतो. गादीवर साड्यांचा डोंगर, आणि त्यामागे चेहरा पडलेले विक्रेते सदाकाका. तेवढ्यात गल्ल्यावरून मालकीणबाई उठल्या. आता काकांची बिनपाण्याने होणार, या धास्तीने मी तिथेच थबकले.

बाई गादीवर चढल्या आणि एका जांभळ्या साडीचं टोक उचलून म्हणाल्या, "काका, धरा तिकडून. डोंगर मात्र झकास रचलात हं!"

काका हसले. दोघं घडी घालू लागली. टोकं जुळवत जवळ यायची, पुन्हा लांब जायची, जसा काही झिम्माच चालला होता.

मला मोठी गंमत वाटली. ओरडायला काय, एकटं तोंड पुरतं. पण सहावारी साडीची घडी एकट्याने घालून बघावी, कुठूनतरी पदर लोळतोच. वरच्या माणसाने असं दुसरं टोक धरलं, की खालच्याला पसारा मांडायची भीती राहत नाही. आणि पसाऱ्याला भिणारा माणूस साड्या काय विकणार?

इतक्यात दारात नवं गिऱ्हाईक आलं. घडी अजून अर्धवटच होती, पण काकांचा आवाज आम्हाला बोलावताना होता तितकाच खणखणीत.

"या ताई, बसा! बघायला पैसे पडत नाहीत!"

बाई मान हलवून हसल्या. आणि माझी नणंद पुन्हा चपला काढायला लागली.