विमानाच्या नाकावर हळदकुंकू

ये गं, अशी जवळ बस. निदान हे वाचताना तरी बस. फोनवर 'आजी, आलेस गूट?', सगळं ठीक ना, एवढं विचारतेस आणि मी 'नाही' म्हणायच्या आत ठेवून देतेस. दोघी जर्मनीतच तर आहोत, तुझं कोलोन म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. परवा मी तुला म्हटलं, आजोबांचं विमान प्रदर्शनात लागलं, तर तू विचारतेस, 'कुठलं विमान?' अगं, तीन वर्षं ते विमान आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवत होतो. आणि तू म्हणतेस कुठलं! आता सगळं पहिल्यापासून सांगते, मधे बोलू नकोस.

तुझे आजोबा कारखान्यात तपासनीस होते, हे तुला ठाऊक आहे. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेले सुटे भाग मोजायचे आणि नापास करायचे, हीच नोकरी. रिटायर झाल्यावर ते इथल्या खऱ्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, गेले. मला वाटलं, बरं झालं, घराबाहेर पडतील. कसले पडतात? विमानंच घरात आली. आणि एवढी वर्षं झाली, पण एकही विमान प्रदर्शनात गेलं नाही. प्रत्येक वेळी शेवटच्या आठवड्यात हे भिंग लावून बघणार, पंख एका बाजूला केसभर वर आहे म्हणणार आणि डब्यात घालून माळ्यावर ठेवणार. स्वतःचंच काम स्वतःच नापास. सांग, अशा माणसाचं काय करायचं?

गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे आता कमी होणार नाही.  एकदा ब्रश धुताना हे म्हणाले, "हे शेवटचं." मी कांदा चिरत होते, चिरतच राहिले. पण मनाशी ठरवलं, हे विमान काही झालं तरी माळ्यावर जाऊ द्यायचं नाही.

यंदाच्या प्रदर्शनाचा विषय फेराइनने तीन वर्षांपूर्वीच जाहीर केला होता, तो असा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एकेका देशाचं सैन्य दुसऱ्या देशाची लढाऊ विमानं विकत घ्यायचं. ताफाभर नाही, एखाददुसरं. कशाला, तर बघायला. उडवून बघायचं, खोलून बघायचं, दोष लिहून काढायचे. पसंत पडलं तर आणखी मागवायची, नाहीतर शेडच्या कोपऱ्यात लावून द्यायचं. मी म्हटलं, "म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रमच की. पोहे खायचे आणि 'कळवतो' म्हणून निघायचं."

"पोहे फुकट असतात. यांनी पैसे मोजले होते," हे म्हणाले.

यांनी निवडलं ते जपानच्या आरमाराने जर्मनीकडून मागवलेलं. वेगाला चांगलं, पण तिथल्या वैमानिकांना ते वळायला जड वाटलं, म्हणून नापसंत. "कुठे कुठे माणसंही वळायला जड असतात," मी म्हटलं. ऐकलं नाही. ऐकू येत नाही असं दाखवायची यांची जुनी सवय.

मग रंगाचं सुरू झालं. फोटो सापडला एकच, तोही काळा-पांढरा. आता काळ्या-पांढऱ्या फोटोवरून राखाडी कुठला ते कसं कळणार? जर्मनांनी दिलेला रंग होता की जपान्यांनी वर मारलेला? चार महिने, बाई, चार महिने! पुठ्ठ्याचे तुकडे रंगवून माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर लटकवलेले. सकाळच्या उजेडात एक बघायचे, दुपारी दुसरा.

"हा बघ आणि हा बघ. फरक दिसतो?"

"अहो, दोन्ही राखच आहे. एक कालची, एक आजची."

"म्हणूनच तुला कुणी तपासनीस केलं नाही."

"म्हणूनच या घरात वेळेवर जेवण होतं!"

तर शेवटी एकदाचा रंग ठरला. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी तो लावला. मी बघत नसल्यासारखं दाखवत होते. विमान आणून द्यायचा टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, होता शनिवारी, दहा ते बारा. इथले लोक कसे ते तुला सांगायला नको. बारा वाजून पाच मिनिटांनी गेलीस तर काचेच्या कपाटात तुझी जागा रिकामी राहील, पण दार उघडणार नाही. रंगावरचा संरक्षक थर तेवढा राहिला होता. तो हे शुक्रवारी संध्याकाळी देणार होते.

आणि शुक्रवारी आली खंडेनवमी.

आता इथे मी चुकले, आधीच कबूल करते. माझ्या वडिलांचं सांगलीला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. खंडेनवमीला पाने, पंप, हातोडी सगळी धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्यारांनाही एक दिवस सुट्टी. मी इथे इतकी वर्षं तेच करते. माझं शिलाई मशीन, विळी, यांचं मोजायचं कॅलिपर. हे पहाटे फिरायला गेले होते. मी पाट मांडला आणि टेबलाकडे नजर गेली. मनात आलं, अगं, खंडेनवमी म्हणजे शस्त्रपूजा, आणि या घरात खरं शस्त्र म्हणावं असं एकच आहे. लढाऊ विमान! त्याला कसं वगळायचं? शिवाय उद्या एकदाचं घराबाहेर पडू दे, असंही मागायचं होतं. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू मी बोटाने त्याच्या नाकावर लावलं. वर एक झेंडूचं फूल ठेवलं.

वरचा थर अजून दिला नव्हता ना. उघडा रंग तो, कोऱ्या धोतरासारखी हळद पिऊन बसला.

हे आले, बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओला कापूस घेऊन पुसायला गेले, हात थरथरला आणि डाग पंखाकडे ओढला गेला. मग खाली बसले.

"पुन्हा रंगवू या," मी म्हटलं. "मी हात धरते."

"नाही जमायचं आता." कापूस बाजूला टाकून म्हणाले, "पुजलंस ना? मग आज हात लावायचा नाही. तुझाच नियम."

आता बोला! एरवी देवाला नमस्कार करायला तीनदा सांगावं लागतं, आणि नेमका तेव्हा माझा नियम आठवला. मला इतका संताप आला स्वतःचा आणि यांचाही, की मी दिवसभर दोघांशी बोलले नाही. माळ्याची शिडी मात्र तळघरात नेऊन ठेवली.

शनिवारी सकाळी हे कोट घालून उभे राहिले. मी विमानाचा खोका उचलला. ट्राममध्ये तो माझ्या मांडीवर, आणि हे खिडकीबाहेर बघत. साडेअकराला हॉलमध्ये पोचलो. फेराइनचे अध्यक्ष, माझ्याहूनही म्हातारे, प्रत्येक विमान हातात घेऊन फॉर्म भरत होते. भाड्याचं घर सोडताना इथले घरमालक कशी भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याची नोंद करतात, तसंच. त्यांनी चष्मा वर केला, नाक बघितलं, यांच्याकडे बघितलं. मी खोक्याचं झाकण काखेत दाबून धरलं. आता हे खोका बंद करणार.

"दोष आहे," हे जर्मनमध्ये म्हणाले. "लिहायचा."

अध्यक्ष लिहायला लागले, तर यांनी पेन मागून घेतलं. तपासनिसाची नोंद त्याच्याच हाताची हवी म्हणे! मागे रांग, लोक घड्याळं बघताहेत, आणि हे एकेक अक्षर कोरताहेत. मी मान लांब करून वाचलं. 'नाकावर पिवळा डाग. लांबी बारा मिलिमीटर. कारण, घरची पूजा. दुरुस्ती करू नये. पास.' खाली सही, वाकडीतिकडी.

मापसुद्धा घेतलं होतं गं! कधी घेतलं, देव जाणे.

अध्यक्षांनी विचारलं, पूजा कसली? मी माझ्या बेकरीत शिकलेल्या जर्मनमध्ये सांगितलं की वर्षातून एक दिवस आम्ही हत्यारं पुजतो आणि त्या दिवशी ती वापरत नाही. त्यावर ते म्हणाले, "असं का? एकच दिवस? असल्या सुट्टीचे आणखी थोडे दिवस घ्यायला हवे होते." आणि विमान नेऊन कपाटात ठेवलं.

आता हे रोज दोन वाजता तिकडे जातात, कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसतात. कुणी काही विचारलं तर सांगायचं नाही, नुसतं बसायचं. भूक लागली की मला फोन, म्हणजे मी डबा घेऊन ट्रामने पळायचं. माझे गुडघे काय म्हणतात ते कोण विचारतंय! प्रदर्शन अजून दोन रविवार आहे. तू आलीस तर ते उठून उभे राहतील आणि तुला सगळं सांगतील, मला माहीत आहे. जर्मनमध्ये उत्तर दे, चालेल. पण ये बाई, लवकर ये.