आगीभोवतीची उलटी फेरी

नातीच्या वर्गाच्या सहलीबरोबर घरातलं एखादं मोठं माणूस हवं होतं. मुलगा बाहेरगावी, सुनेच्या मीटिंगा. "आई, तुम्ही जाल का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं खरं. माझी शाळा सातवीत सुटली, इंग्रजी दुकानापुरतं. अमेरिकेत, ओहायोतल्या या डब्लिनला आणल्यापासून या दोघांनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही. त्यांच्या लेकीला चारचौघींत माझी लाज वाटू नये, एवढंच मनात होतं. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलते इंग्रजी. बसमध्ये ती मैत्रिणींत पुढे बसली, मी आपली मागे.

पार्कात वेंडाट या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांचा नाच होता. ही माणसं एकेकाळी इथे ओहायोतही राहायची. नाचणारे आता कॅनडाहून आले होते. मोठ्या ढोलापाशी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी कासवाच्या पाठीचा खुळखुळा उचलून दाखवला. ही सगळी धरती कासवाच्या पाठीवर आहे, म्हणाल्या. तेवढं मला समजलं आणि बरंच वाटलं. आमच्या गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे, त्याला हात लावूनच पुढे जायचं.

मग त्यांनी सगळ्यांना आगीभोवती नाचायला बोलावलं. ढोल वाजला, खुळखुळा वाजला, आणि माझे पाय सवयीनं प्रदक्षिणेला निघाले. समोरून अख्खा वर्ग माझ्या अंगावर! मुलं खिदळायला लागली. एका मुलीनं नातीला विचारलं, "इज दॅट युअर ग्रँडमा?"

नात खाली बघत राहिली. झालं, म्हटलं, नको तेच झालं.

"आजी, उलटी नको जाऊ! या साइडनी ये!" ती ओरडली. चक्क मराठीत.

मग तिनं त्या बाईंना सांगितलं, आमच्या देवळात असंच फिरतात. बाई हसल्या, काहीतरी बोलल्या.

"आजी, त्यांचं हार्ट आगीकडे असतं. डावी साइड. माझे पाय बघ."

मी बघत गेले. पावलं जमिनीला घासत, हळूहळू. तिच्या मैत्रिणींकडे बघायचा धीर होईना.

"तू तिला काय म्हणालीस?" मघाचीच मुलगी इंग्रजीत विचारत होती.

नातीनं तिला ते मराठीतच, सावकाश, पुन्हा म्हणून दाखवलं.