खामगावहून आनलेला टेलर

भुताचं काम माझ्यासारखं पुऱ्या बुलढाना जिल्ह्यात कोनी केलं नसन. पाहनारे लोकं हासू-हासू खुर्चीवरून खाली पडले.

पन मले सांगाचं आहे ते मनोहर मास्तरबद्दल. खामगावच्या बाजारात त्यायचं कपडे शिवाचं दुकान होतं. तोंडात कायम चार-पाच टाचन्या. त्याच्यानं मास्तर अर्धं वाक्य बोलत, थांबत, एक टाचनी काढून कापडाले लावत, अन् मंग उरलेलं बोलत. "तुमच्या पँटीचं..." म्हनून थांबले का गिराइकाचा जीव टांगनीले. टाचनी लागे. "...काम झालं आहे." मानूस असा खुश होये, जसा पोरगा बोर्डात आला.

आमची भेट माझ्या अडानीपनानं झाली. आमच्या वडनेरात विलास म्हनून एक कृषी केंद्रवाला आहे. विकते बियानं, पन डोक्यात पिक्चर. दोन उन्हाळे खपून त्यानं मोबाइलवर भुताचा पिक्चर काढला. भूत मी. खामगावच्या टाकीजवाल्या शेठनं सांगतलं, "पहिले टेलर दाखवा. मले भेव वाटलं तं रविवारचा एक खेळ देतो. लोकायले आवडला तं हप्ताभर चालवतो." विलासनं सोताच एक बनवून पाठवला. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच नाचून राह्यलो होतो. शेठचा फोन आला, "हे कोनाच्या हळदीचं आहे?"

मंग विलास मले म्हने, "किसना, खामगावले जाय. चांगला टेलर पाह्य. आजच पाह्यजे."

आता मी शाळेत गेलो तो खिचडीपुरता. मले टेलर दोनच माहीत. एक कपडे शिवते, दुसरा ट्रॅक्टरमागं लागते. त्यात भुताचं लुगडं तुरीत पयता-पयता फाटलंच होतं. म्हनून मी मास्तरले गाडीवर बसवलं अन् घेऊन आलो.

मास्तरनं आल्याबरोबर टेप काढून विलासचं माप घेतलं. "छाती अडतीस..." थांबले. टाचनी. "...पोट बेचाळीस."

"अबे किसना, हे कोन?"

"टेलर. तूच सांगतलं ना."

"ट्रेलर बे! पिक्चरचा ट्रेलर! पिक्चर कापनारा पाह्यजे होता मले!"

"मंग मास्तर बी कापतेच ना."

विलासनं कपाळाले हात लावला. दुसरा असता तं मले शिव्या देऊन वापस गेला असता. मास्तर खुर्ची ओढून बसले अन् म्हने, "आता आलोच आहो तं दाखवा. काय फाटलं आहे?"

पुरा पिक्चर पाह्यला त्यायनं. एकदा बी हासले नाही. मले वाटलं, भेले. शेवटी म्हने, "चांगला आहे. भूत कुठं आहे?"

"हे काय, मी!" मी म्हनलो.

"हे तं तुम्ही आहे. भूत कुठं आहे?"

मंग त्यायनं विलासले पिक्चर मांगं घ्याले लावला. विलासच्या मायनं त्यात म्हातारीचं काम केलं होतं. दिवस बुडताना ती दोन्ही बैल अंगनात बांधते, रिकाम्या गोठ्याची कडी लावते, अन् आतून घुंगरमाळ वाजते.

"इथी थांबवा."

"पुढं मी निंघतो ना मास्तर, लुगडं नेसून!"

"म्हनूनच थांबवा."

मास्तर म्हने, "कापडाले कैची लावाच्या आधी मी नुसता हात फिरवतो. गिराइकाचा जीव त्या टायमालेच खालीवर होते. एकदा कैची चालली का मंग त्याले काही वाटत नाही." विलासनं टाकलेला पिपानीचा आवाज त्यायनं पहिले बंद करवला. मंग म्हने, "माळ पहिले दिवसा ऐकवा. बैलाच्या गळ्यात दाखवा. लोकायले ओळख होऊ द्या. मंग बैल बाहेर बांधा, माळ काढून ठेवा..." टाचनी. "...अन् माळ आतून वाजवा."

विलासनं तसंच कापलं. पाहून माझ्या अंगावर काटा आला. गोठ्यात कोन आहे हे मले माहीत होतं. मीच होतो. तरी भेलो.

"पन मास्तर, मी कुठंच दिसत नाही. मी तं मेन आहो."

"कोटात अस्तर बी मेनच असते. दिसते का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टाकीजवर गेलो. शेठ चहा पिता-पिता पाहू लागला. कडी लागली, तसा कप हातातच राह्यला. माळ वाजली, म्हातारी वळली, अन् काळं झालं.

"मंग? आत कोन आहे?" शेठ म्हने.

विलास सांगनारच होता. मास्तरनं त्याचा हात दाबला. "रविवारी..." टाचनी. "...समजन."

"अबे टाकीज माझी, अन् मलेच नाही सांगत?"

"सांगतलं तं तुम्ही रविवारी घरी झोपान."

खेळ भेटला. तो टेलर मोबाइलवर असा फिरला का नांदुऱ्याच्या बाया गोठ्यात एकट्या जाईनात. त्या दिवशी टाकीजवरून जाता-जाता मास्तर विलासले म्हनले होते, "पिक्चरात बी दार उघडू नका. माळ वाजू द्या, लोकं आपापलं भूत घेऊन घरी जातीन."

विलास कबूल झाला. मी नाही झालो. माझी सासुरवाडी सोनाळ्याची. सासरा, तीन साळे अन् अर्धी गल्ली टेम्पो करून मले पाह्याले येनार होती. मी दोन दिवस विलाससंग बोललो नाही, जेवलो बी त्याच्याच घरी, पन बोललो नाही. शेवटी तो म्हने, "बरं बाबा, उघडतो दार."

रविवारी टाकीज भरली. माळ वाजली तं कोनी खोकलं बी नाही. माझ्या बाजूच्या मानसानं माझाच हात धरला. मंग दार उघडलं अन् लुगडं नेसून मी निंघालो. मांगून मोठा साळा वरडला, "अबे, हे तं आपले जवाई!" त्याच्यापुढं कोनाले काही ऐकू आलं नाही. बाहेर निंघताना शेठ विलासले एवढंच म्हने, "हप्त्याचं राहू दे आता." विलासनं पुढं पिक्चरचं नाव काढलं नाही.

मास्तर पोळ्याच्या आसपास वारले. तेरवीले गेलो. मास्तरच्या घरच्या काकू भिंतीले टेकून बसल्या होत्या. त्या मले ओळखत नव्हत्या. म्हनलं ओळख द्यावी. "काकू, मी वडनेरचा किसना. त्या पिक्चरातलं भूत."

काकूनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं.

"हाव का? तुम्हीच का ते दार उघडनारे?"