फुटलेला बँड

काल पुतणीच्या हळदीत जेवताना आमच्या समोर मुलाकडचे दोन पाहुणे वाद घालत होते. एक म्हणाला, "बँड फुटला ते बरंच झालं. गणूचा क्लॅरिनेट आत्ता कुठं मोकळा वाजतोय." दुसरा उसळला, "हट्! भिकाच्या ट्रम्पेटपुढं काय लावलंय गणूचं?" मग त्यानं माझ्या मालकांनाच विचारलं, "मामा, तुम्हीच सांगा, कोण भारी?"

त्या बँडमध्ये ढोल हेच वाजवायचे. पाहुण्यांना ते ठाऊक नव्हतं. माझ्या ओठांवर आलं होतं, पण चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. हे म्हणाले, "दोघंही भारी," आणि भात कालवू लागले.

भाऊ वेगळे निघाले की भांडीकुंडी वाटून घेता येतात. पण सगळे एका पंगतीला बसले की घरात जो गलका व्हायचा, तो कुणाच्या वाट्याला जातो? बँडचंही तसंच झालं. गणूनं क्लॅरिनेट नेला, भिकानं ट्रम्पेट. यांच्याकडं ढोल राहिला, पण नुसता ढोल ऐकायला कोण बोलावतं?

तेवढ्यात मांडवात गणू वाजवू लागला. हे हातातला घास तसाच धरून ऐकत राहिले. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "त्याचा दम संपत आला की मी ढोल जोरात घुमवायचो. तेवढ्यात तो श्वास घ्यायचा. कुणाला कळायचं नाही. आता ऐक, त्याला धाप लागलेली कळते."