शिरूरचा नियम, दौंडचा नियम

शिरूर आणि दौंड या दोन गावांत आमच्या शेजारच्या मामांनी एकट्यानं जेवढी भांडणं लावली, तेवढी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना मिळूनही जमली नसतील. भांडण उसाचं नव्हे की पाण्याचं नव्हे, घराच्या छतावर सोलर बसवायच्या परवानगीचं. मामांचं घर शिरूरला, लेक दौंडला. शिरूरच्या वीज कचेरीत गेले की म्हणायचे, "दौंडला असलं काय मागत न्हाईत." दौंडला गेले की शिरूरचे गोडवे गायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला ते आधी गाव विचारत आणि जिलबी यायच्या आत तिथले छताचे नियम. एकदा यवतच्या ढाब्यावर एका ट्रक ड्रायव्हरकडून त्यांनी थेट बिकानेरचे नियम काढून घेतले. त्या बिचाऱ्याला कितपत ठाऊक होतं देव जाणे, पण मामांनी पुढं आठवडाभर शिरूरच्या साहेबांना बिकानेर ऐकवलं.

आम्ही हसायचो. मामीही हसायच्या, मग त्यांना धाप लागायची. नाकाला नळी लावून त्या ऑक्सिजनच्या मशीनवर असत, आणि लाईट गेली की मशीन बंद पडे. मामा धडपडत सिलिंडर जोडायचे आणि लाईट येईपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचे. बॅटरीसकट सोलर हवं होतं ते एवढ्यासाठी.

खरं तर नियम दोन्हीकडं एकच होता. अडलं होतं भलतीकडंच. घराचं मीटर अजून मामांच्या वडिलांच्या नावावर होतं. म्हातारे जाऊन जमाना झाला, पण बिलावर नाव छापून येतंय तोवर डोक्यावर कुणीतरी आहे असं वाटतं, म्हणून ते कुणी बदललं नव्हतं. आमच्याकडं घरोघरी हीच तऱ्हा. सोलरच्या अर्जाआधी ते बदलायचं, आणि बदलायचं तर वारस म्हणून थोरल्या भावाचीही सही हवी. थोरले राहूला, आणि वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. दौंडला जाताना वाटेत राहूचा फाटा लागतो. तिथं मामा एसटीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत.

"एकदा उतरा की तिथं. माझ्यासाठी," मामी म्हणायच्या.

"दौंडला सही लागत नसंल. बघून येतो," म्हणत मामा पुन्हा निघायचे.

गेल्या उन्हाळ्यात मामी गेल्या. दवाखान्यात गेल्या, लाईट असताना गेल्या. सोलर असतं तरी काही फरक पडला नसता असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, पण मामांना ते कोण पटवणार? दहाव्याला नदीच्या घाटावर थोरले आले. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. ते मामांशेजारी येऊन बसले.

"सही पायजे व्हती म्हणं," ते म्हणाले. "मला सांगायचं न्हाई व्हय रं? मी चालत आलो आसतो."

"दादा," एवढंच म्हणून मामा लहान पोरासारखे रडले. मलाही तिथं उभं राहवेना.

मग सही झाली, नाव बदललं, छतावर सोलर चढलं. आता लाईट गेली की सबंध आळीत मामांच्या एकट्याच्या घरात पंखा फिरत असतो. मामा दार ओढून घेतात आणि आमच्या ओट्यावर येऊन आमच्यासोबत उकाड्यात बसून राहतात. लाईट आली की मगच घरात जातात.