किती वर्षं वापरणार?

छापखान्यात तिला सगळे चिमटाबाई म्हणत. ओळीत दडून बसलेली चूक ती चिमट्याने काटा काढावा तशी अलगद काढायची, आणि मग ज्याची चूक असेल त्यालाही एक चिमटा काढायची. छपाईआधी मजकूर तपासण्याचं हे काम तिने तीस वर्षं केलं. एकदा खुद्द मालकांनी लिहिलेल्या नोटिशीतल्या सात चुका लाल शाईने दाखवून तिने ती नोटीस त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवली होती. मालकांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तिचा पगार वाढवला.

तिचा नवरा त्याच छापखान्यात वाचक होता. वाचक म्हणजे मूळ प्रत मोठ्याने वाचणारा माणूस. त्याने शब्द न् शब्द, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंसासकट म्हणायचा आणि तिने समोरच्या छापील कागदावरून बोट फिरवत ताडून पाहायचं. वाचकाला नियम एकच. जे आहे ते वाचायचं, जे असायला हवं ते नाही. मूळ प्रतीत ‘आणि’ दोनदा पडला असेल, तर तोही दोनदाच म्हणायचा. हा गृहस्थ नियमाचा इतका पक्का, की तिला मागणी घालताना ‘माझ्याशी लग्न करशील का, प्रश्नचिन्ह’ असं म्हणाला, असं छापखान्यात सांगत. खरंखोटं विचारलं की ती नुसती हसायची.

पुढे छापखान्याने वाचक ठेवणं बंद केलं. नवरा घरी बसला, गुडघा धरून बसला म्हटलं तरी चालेल. ती मात्र एका प्रकाशनाचं काम घरूनच लॅपटॉपवर करू लागली. त्या लॅपटॉपला आता आठ वर्षं झाली होती. झाकण मागे कलंडायचं म्हणून त्याच्या पाठीशी चहाचा डबा लावावा लागे. पंखा घरघरायचा. गेल्या महिन्यात तो चालता चालता तीनदा बंद पडला, तेव्हा नवरा म्हणाला, “आता याला निरोप द्यायचा. चल, दुकानात जाऊ.”

दुकानात विक्रेत्याने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले. एक साधा. दुसरा त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीचा, पातळ, धातूचा, हात लावला की गार लागणारा. दोन्हींवर एकच पान उघडलं होतं. साध्यावरची अक्षरं बरी होती. दुसऱ्यावरची पाहिली आणि ती खुर्ची ओढून बसलीच. कोऱ्या कागदावर शिशाच्या नव्या खिळ्यांनी छापल्यासारखं अक्षर. अनुस्वारसुद्धा टपोरा. पाच मिनिटं वाचून झालं तरी डोळ्यांतून पाणी आलं नाही. असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

“काकू, किती वर्षं वापरणार त्यावर आहे,” विक्रेता म्हणाला. “दोन-तीन वर्षंच काढायची असतील तर साधा पुरे. दहा वर्षं वापरणार असाल तर जास्तीचे पैसे वसूल होतात.”

“दहा!” नवरा म्हणाला. “बारा म्हणा. आमच्या घरात वस्तू मरेपर्यंत वापरतात.”

ती पडद्याकडे बघत राहिली. मग उठली. “साधा बास झाला.”

“अगं, तुला आवडलाय तो!”

“आवडायला काय, विमानसुद्धा आवडतं.”

“पैशाचं मी बघतो. गुडघ्याचे ठेवलेत ना ऑपरेशनला, त्यातले घालू. गुडघा काय, पळून जात नाही.”

“चालता येत नाही त्याला, पळणार कुठे?” ती म्हणाली. विक्रेता हसला. नवरा हसला नाही. दोघं हात हलवत घरी आले, आणि जिने चढताना प्रत्येक पायरीवर त्याने ‘चिक्कू’ हा शब्द निराळ्या स्वरात म्हणून दाखवला.

चिक्कूपणाचा आळ तिने मुकाट्याने घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची. विक्रेत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिला ठाऊक नव्हतं, आणि जे थोडंफार ठाऊक होतं त्याची तिने नवऱ्याला दाद लागू दिली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी शिंप्याकडे जाऊन येते असं सांगून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. तिथे एका यंत्राला हनुवटी टेकवून बसवतात. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. चिमटाबाईंनी इथेही हुशारी केली. जन्मभर नवऱ्याच्या वाचण्याच्या लयीवर काम केलेलं. दिवे साधारण किती अंतराने लागतात ते तिच्या लगेच लक्षात आलं, आणि दिसो न दिसो, ती तालावर बटण दाबत सुटली. यंत्रावरची बाई म्हणाली, “काकू, दिवा नसतानाही तुम्ही दाबताय. असं केलंत तर खोटा निकाल येईल.” तिला भरवर्गात कॉपी करताना पकडल्यासारखं झालं. मग परीक्षा पुन्हा झाली, आणि या वेळी ती प्रामाणिकपणे नापास झाली.

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, कडेकडेची नजर आधी जाते, तुमची उजवीकडची बरीच गेली आहे. गेलेली परत येत नाही. थेंबांनी उरलेली टिकेल.

“किती वर्षं?” तिने विचारलं.

“कुणाची वीस टिकते. कुणाची तीन. आताच नाही सांगता येणार.”

बाहेरच्या बाकावर बसून तिने तो अहवाल सवयीने तपासला. शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या. तिसरी सापडावी, वर नाव तरी दुसऱ्या कुणाचं असावं, म्हणून तिने तो चारदा वाचला.

तेव्हापासून थेंबांची बाटली शिवणाच्या डब्यात असे. जन्मभर डोळ्यांत तेल घालून काम केलं, आता औषध घालायचं, असा विनोद तिने स्वतःशी करून पाहिला. तो काही जमला नाही. तिला भीती वाटत होती. आंधळं होण्याची तर होतीच, पण त्याआधीच्या दिवसांची जास्त. नवरा हाताला धरून रस्ता ओलांडून देईल, प्रकाशनातल्या संपादकबाई गोड बोलून काम बंद करतील, आणि चिमटाबाईची नुसती एक बाई उरेल. आणि आता हा माणूस लंगडत लंगडत गुडघ्याचे पैसे तिच्या डोळ्यांसाठी मोजायला निघाला होता. दहा वर्षं चालणारं यंत्र आणि तीन वर्षं चालणारे डोळे. हा हिशेब त्याला कोणत्या तोंडाने सांगायचा?

त्यातच गणिताच्या पुस्तकाची भानगड झाली होती. शाळेच्या मुलांचं पुस्तक. तिने तपासून पाठवलेली पानं संपादकबाईंनी परत धाडली, वर चिठ्ठी: ‘ताई, बऱ्याच चुका राहिल्यात. तब्येत बरी आहे ना?’ इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पानं उलगडून पाहायचाही तिला धीर झाला नाही. तिने ती टेबलाच्या खालच्या खणात लपवली.

दुकानातून आल्यावर दोन दिवस घरात तणातणी चालली. तिसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन परतली, तर नवरा टेबलाशी बसलेला. समोर गणिताची पानं पसरलेली, हातात निळी पेन्सिल.

“जुना दिला तर दुकानदार थोडी किंमत कमी करतो म्हणून बिल शोधत होतो,” तो म्हणाला. “हे मिळालं.”

“माझं काम आहे ते. हात कशाला लावलात?”

“बस.”

“भाजी निवडायचीय.”

“भाजी पळून जात नाही. बस.”

ती बसली. त्याने पानं तिच्यापुढे सरकवली. राहिलेल्या प्रत्येक चुकेभोवती त्याने निळा गोल केला होता. पहिल्या पानावर चार, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर पाच. सगळे गोल उजवीकडच्या कडेला, एकाखाली एक. डावीकडे किंवा मध्ये एकही नाही. उदाहरणांची उत्तरं ओळीच्या शेवटी असतात. बेचाळीसच्या जागी चोवीस पडलं होतं, आणि तिने ते तसंच जाऊ दिलं होतं.

“दमलेल्या माणसाच्या चुका पानाच्या तळाशी राहतात,” तो म्हणाला. “घाईतल्या माणसाच्या कुठेही राहतात. तुझ्यासमोर इतकी वर्षं बसलोय मी. तुझी नजर ओळीच्या शेवटापर्यंत पोचत नाहीये. कधीपासून?”

तिने सगळं सांगितलं. यंत्र, बटण, नस, थेंब. सांगताना ती रडली नाही. शिंप्याचं सांगताना मात्र आवाज फुटला. तीन महिने खोटं बोलल्याचं तिला डोळ्यांपेक्षा जास्त लागलं होतं.

तो चिडला. “आणि मी तुला चिक्कू म्हणत होतो! पायरी पायरीवर! म्हणू दिलंस?”

“आवाज छान लागला होता तुमचा.”

“थट्टा नको.” त्याने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. “मग तर तो महागाचाच घ्यायचा. तीन तर तीन वर्षं. तेवढी तरी नीट दिसू दे.”

“अहो, ऐका. मला जे दिसतं ते दोन्हींवर दिसतं, जे दिसत नाही ते दोन्हींवर दिसत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“डोळ्यांना पाणी येत नव्हतं त्यावर. मी बघितलं.”

हे त्याने पाहिलेलं तिला माहीत नव्हतं. “नव्हतं येत,” ती म्हणाली. “खरं आहे. मला हवाय तो. पण तुमचा गुडघा घालून नकोय. तुम्ही धड चालायला हवंत मला. पुढे मला तुमचा हात लागणार आहे.”

उत्तर नसलं की तो पेन्सिलीला टोक करायचा. त्याने टोक केलं.

त्याच दुपारी तिने संपादकबाईंना फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. मुलांच्या पुस्तकात बेचाळीसचे चोवीस जायला नकोत, मग काम राहो की जावो. संपादकबाई म्हणाल्या, “हे पुस्तक तुम्ही दोघं मिळून पुन्हा तपासून द्या. पुढचं मी आज काही सांगत नाही, ताई.” काम गेलं नव्हतं, पण राहिलंही नव्हतं.

शनिवारी दोघं पुन्हा दुकानात गेले. विक्रेत्याने ओळखलं. “काय ठरलं काकू? किती वर्षं?”

“डोळे आहेत तोवर,” ती म्हणाली. “काचबिंदू आहे मला. साधा बांधून द्या.”

पहिल्यांदाच परक्या माणसासमोर तिने तो शब्द उच्चारला. विक्रेता गडबडला, मग हळूच म्हणाला, “मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आहे यात, काकू. चालू करून देऊ?”

“वाचायला मी आहे,” नवरा गुरगुरला.

विक्रेता खोकं आणायला आत गेला. महागडा लॅपटॉप तिथेच उघडा होता. ती त्याच्यासमोर बसली. आता घ्यायचा नव्हताच, तेव्हा मन भरून बघायला हरकत नव्हती. पडद्यावर दुकानाच्या अटी होत्या, दाट ओळींचं एक पान. तिने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती मान उजवीकडे वळवत होती. गेल्या चार दिवसांत तिने घरी एवढंच शिकून घेतलं होतं.

“सापडली,” ती म्हणाली. “सहावी ओळ. ‘परत’ दोनदा पडलंय.”

“शाबास.”

“अजून आहे?”

तो मागे उभा होता. खांद्यावरून त्याने पानावर नजर टाकली. नको तेवढा वेळ तिथेच ठेवली.

“नाही,” तो म्हणाला.

इतकी वर्षं तिने तो आवाज ऐकला होता. त्यातला स्वल्पविरामसुद्धा तिला कळे. ती खुर्चीत वळली. “अहो, तुम्ही माझ्यासाठी वाचणार आहात. दया करून वाचलंत तर मी आजच काम सोडते. मग मला खरंच काही दिसणार नाही.”

त्याचे डोळे भरून आले होते. तो छापखान्यातल्या त्या जुन्या, सपाट, शब्द न् शब्द वेगळा काढणाऱ्या आवाजात म्हणाला, “आहे. खालून तिसरी ओळ. शेवटचा शब्द.”

ती पडद्याकडे वळली. बोट खालून तिसऱ्या ओळीवर ठेवलं, आणि मान आणखी थोडी उजवीकडे वळवली.